ज्याचे सुतक लागत नाही, त्याचे दुःख

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय त्रेसष्ट असून मी चिपळूणला राहते. माझे वडील पोस्टात होते. दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या घरी रेडिओ सिलोनवरची गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी सांगणारा कार्यक्रम, लागे आणि वडील शंभर पानी वही घेऊन रेडिओसमोर बसत. अशा अकरा वह्या आमच्याकडे आहेत. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले, तेव्हा त्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. माझ्या भावाने पुढे विविध भारतीवरून भरून ठेवलेल्या कॅसेटी मात्र खालच्या कपाटात होत्या, त्या भिजल्या. वडील जाऊन बारा वर्षे झाली. ते गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आले नाही. पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी गीतमालेचे निवेदक अमीन सयानी गेल्याची बातमी कानावर पडली आणि मी भाजी चिरता चिरता रडत बसले. मुलगा म्हणाला, "आई, ते आपले कोण? आपल्याला त्यांचे सुतक लागते का?" सून म्हणाली, "तुम्ही खरे तर आजोबांसाठी रडता आहात." मला दोघांचेही पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. येत्या स्मृतिदिनाला आमच्या वाचनालयात एक छोटा कार्यक्रम करावा असे मनात आहे. सयानींच्या घरच्यांना पत्र लिहिले, तर तो आगाऊपणा होईल का? आणि या वह्यांचे काय करावे? एका पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

उत्तर

सस्नेह नमस्कार, ताई.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतची झेरॉक्स त्याहून जास्त वेळा पाहिली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर त्या पानावर वडिलांनीच लिहून ठेवले आहे असे मला वाटते.

मुलाचा प्रश्न मनाला लावून घेऊ नका. सुतक हा घराचा हिशेब आहे. ज्या भाऊबंदाशी वीस वर्षे बोलणे नाही, त्याचे सुतक आपण पाळतो आणि ज्या शिक्षिकेने आपल्याला अक्षर लावले, तिच्या बातमीनंतर संध्याकाळी नेहमीसारखा कुकर लावतो. तो हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. घराला कुठेतरी रेषा आखावीच लागते. पण त्या रेषेच्या बाहेरचे माणूस गेले की होणारे दुःख खोटे ठरते, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. मुलगा गीतमालेच्या काळात घडला नाही, त्यामुळे त्याला तो आवाज म्हणजे जुन्या गाण्यांमधला एक निवेदक वाटतो. त्याला समजावून सांगण्याची घाई करू नका. कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडायला बोलवा, तेवढे पुरे आहे.

सुनेचे म्हणणे अधिक मायेचे आहे, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे तुम्हाला जड गेले असावे. तरीही मी तुमच्या बाजूने आहे. बारा वर्षे अडलेले वडिलांसाठीचे रडू त्या दिवशी बाहेर पडले, हे शक्य आहे. बुधवारच्या त्या तासात वडील गप्प असत आणि घरात बोलणारा आवाज सयानींचा असे, त्यामुळे दोघे तुमच्या मनात एकमेकांत मिसळलेले असणारच. पण म्हणून अमीन सयानी हे केवळ निमित्त होते आणि खरे दुःख दुसऱ्याचे, असे मानले तर आपण त्या माणसावर अन्याय करतो. त्यांनी तुमच्या घरासाठी काम केले होते. त्याचे स्वतःचे असे एक दुःख असते आणि ते त्यांच्या नावाने करायला हरकत नाही.

ते काम किती होते, हे आज ध्यानात येत नाही. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि ऐकणाऱ्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे, वळवला. त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला गीतमाला सुरू झाली, तेव्हा सयानींना वीस वर्षे पुरी व्हायला अठरा दिवस बाकी होते. कार्यक्रम लिहायचा, बोलायचा, आलेली पत्रे चाळायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. पहिल्या कार्यक्रमापासूनच हजारोंनी पत्रे आली. तुमच्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा, ती त्याला आवडेल. हा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथल्या प्रक्षेपकावरून लघुलहरींवर स्वार होऊन तो चिपळूणला पोहोचे. रस्त्याने तुमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर बसलेला माणूस समुद्र ओलांडून तुमच्या माजघरात येत होता, आणि तेही जवळजवळ चार दशके. बिनाका गीतमालेची सिबाका गीतमाला झाली, १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. हा सगळा खटाटोप एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी होता, असे कुणी म्हणेल आणि ते खरेही आहे. टूथपेस्ट विकायची होती, म्हणून त्या तासाचे पैसे भरले गेले. त्या तासात ऐकणाऱ्याशी कसे बोलायचे, हे मात्र सयानींनी स्वतः ठरवले.

आता मला जे मनापासून सांगायचे आहे, त्याकडे येते. तुम्ही स्मृतिदिनाचा कार्यक्रम करणार असाल, तर तो एकट्या अमीन सयानींचा करू नका. त्यांच्या घराचा करा.

त्यांच्या आई कुलसुम सयानी. मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम करणाऱ्या या बाईंनी १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचे पाक्षिक काढले आणि ते वीस वर्षे चालवले. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसांसाठी ते असे. नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघे आणि भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्थानी. लहानपणी अमीन या कामात आईला मदत करत. ज्याने काल अक्षरे ओळखली, त्याला आज वाचताना अडखळू द्यायचे नाही, या एका काळजीने वाक्ये लिहिणाऱ्या आईच्या हाताखाली त्या मुलाची भाषा घडली. घरात गुजराती आणि सुरुवातीचे निवेदन इंग्रजीत, अशा मुलाकडे पुढे देशभर कळणारी हिंदी आली ती याच शिदोरीवर. क्रमांक न म्हणता 'पायदान' म्हणणे, ऐकणाऱ्याला पायरी पायरीने वर नेणे, एकही शब्द असा न वापरणे की ज्यासाठी स्वयंपाकघरातल्या बाईला "म्हणजे काय?" असे विचारावे लागेल, ही 'रहबर'ची शिस्त आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या संबोधनात बहिणी आधी आणि भाऊ नंतर येत, हे तर सगळ्यांनाच पाठ आहे. ज्या आईने घरोघरच्या बायकांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घालवले, तिच्या मुलाच्या तोंडी तो क्रम आपसूक बसला असेल. कुलसुमबेनना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली आणि मुलाला २००९ मध्ये. आईचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि तुमच्यासारख्या शहरातल्या वाचनालयात ते घेतले जावे, याहून योग्य जागा मला सुचत नाही.

दुसरे त्यांचे थोरले भाऊ हमीद सयानी. इंग्रजी निवेदनात त्यांचा दबदबा होता. सात वर्षांच्या अमीनला मुंबई आकाशवाणीत पहिल्यांदा नेले ते त्यांनीच, आणि अमीन त्यांना आपले गुरू मानत. बोर्नव्हिटा क्विझ रेडिओवर गाजवली ती हमीदभाईंनी. १९७५ मध्ये ते गेल्यावर धाकट्या भावाने ती पुढे नेली. अलीकडच्या पुष्कळ श्रद्धांजल्यांमध्ये ही प्रश्नमंजूषा एकट्या अमीन सयानींच्या खात्यावर मांडलेली मी पाहिली आहे. गेलेल्या माणसावर प्रेम करताना त्याच्या भावाचे श्रेय त्याला देऊन टाकणे हे प्रेमापोटीच होते, पण ज्याने आयुष्यभर भावाला गुरू म्हटले, त्याला ते रुचले असते असे वाटत नाही. आणि तिसऱ्या, त्यांच्या पत्नी रमा. त्या काश्मिरी पंडित कुटुंबातल्या. त्यांच्याविषयी सार्वजनिक असे फार नाही आणि आपण खोदून काढायलाही जाऊ नये. नाव आदराने घ्यावे आणि पुढे जावे.

कुटुंबाला पत्र लिहिण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. अवश्य लिहा. उशीर झाला, ही भीती मनातून काढून टाका. पहिल्या तेरा दिवसांत दाराशी इतकी माणसे येतात की कोण आले आणि कोण गेले, हेही घरच्यांना आठवत नाही. वर्ष सरते, फोन थांबतात, वर्तमानपत्रांत दुसऱ्यांची छायाचित्रे येतात, आणि मग एखाद्या दुपारी पोस्टमनने आणून दिलेले पत्र माणूस बसून वाचतो. पोस्टातल्या माणसाच्या लेकीला हे मी सांगायला नको. पत्र आगाऊपणाचे होते ते त्यात काही मागितले की. म्हणून काहीही मागू नका. छायाचित्र नको, जुने ध्वनिमुद्रण नको, कार्यक्रमासाठी संदेश नको, "कधी मुंबईला आलो तर भेटू" हेही नको. प्रसिद्ध माणसाच्या घरच्यांना त्यांचा बाप, त्यांचा आजोबा सतत लोकांशी वाटून घ्यावा लागलेला असतो. त्यांच्या दुःखात आपण वाटेकरी होऊ शकत नाही. आपल्या घरात त्यांचा माणूस कसा होता एवढे मात्र आपण त्यांना सांगू शकतो, कारण ते त्यांना आपल्यावाचून कळणारच नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली', 'आत्म्यास सद्गती लाभो', 'भरून न निघणारी पोकळी' ही वाक्ये तुमच्या पत्रात येऊ देऊ नका. ती कुणाच्याही दारात ठेवता येतात. शिवाय ज्या घरात दोन धर्मांची माणसे एकत्र नांदली, तिथे आपल्या विधींची भाषा न्यावी कशाला? एकच पान लिहा. पोस्टातले वडील, शंभर पानी वही, बुधवार, पुरातून माळ्यावर वाचलेला गठ्ठा. हिंदीत लिहा आणि तुमच्या चिपळूणच्या हिंदीतच लिहा. व्याकरण तपासून घेण्यासाठी कुणाकडे देऊ नका. लिंग चुकेल, 'का' आणि 'की' यांची अदलाबदल होईल, तर होऊ द्या. त्या घराने असली हजारो पत्रे जपून वाचली आहेत. खाली तुमचा पत्ता लिहा, पण उत्तराची अपेक्षा व्यक्त करू नका, आणि उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. खासगी पत्ता शोधायलाही जाऊ नका. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या पत्त्यावर, कुटुंबापर्यंत पोहोचवण्याची विनंती करून पाठवलेत तरी चालेल.

कार्यक्रम बुधवारीच ठेवा. २० फेब्रुवारीच्या जवळचा बुधवार, रात्री आठ ते नऊ. वाचनालयाची मंडळी म्हणतील की संध्याकाळी सहा बरे, म्हाताऱ्यांना रात्री घरी सोडायला कोण जाणार? त्यांना सांगा की याच म्हाताऱ्यांनी त्या वेळेची चाळीस वर्षे वाट पाहिली आहे, आणि सोडायला तुमचा मुलगा जाईल. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ यांत पाऊण तास जातो, तो वाचवा. एकाने कुलसुमबेनविषयी दहा मिनिटे बोलावे, आणि त्यासाठी शक्यतो तुमच्या शहरात प्रौढ शिक्षणाचे काम केलेली एखादी शिक्षिका निवडा. कार्यक्रमात सयानींचे मूळ निवेदन ऐकवायचे असेल, तर त्यांच्याच आवाजातल्या गीतमालेच्या आठवणी नंतर अधिकृतपणे प्रकाशित झालेल्या आहेत, त्या विकत घेऊन लावा. कुठून तरी उतरवलेले तुकडे लावू नका आणि ते समाजमाध्यमांवर टाकूही नका.

एक आग्रहाची विनंती. नकला ठेवू नका. कुणीतरी हौशी तरुण येईल, त्या खास लकबीत बहिणींना आणि भावांना साद घालेल आणि सभागृहात हशा पिकेल. नकलेत वाईट काही नाही, सयानींच्या हयातीत शेकडोंनी केली आणि ती त्यांच्या लोकप्रियतेचीच खूण होती. पण स्मृतिदिनाच्या संध्याकाळी लोक खरा आवाज ऐकायला येतात, आणि नक्कल ऐकली की त्या आवाजातला उत्साह तेवढा उरतो, त्यामागची ऐकणाऱ्याची काळजी निघून जाते.

आता वह्या आणि कॅसेटी. कॅसेटींचे आधी सांगते, कारण तिथे चूक झाली तर सुधारता येत नाही. पुराचे पाणी लागलेली कॅसेट कोणत्याही परिस्थितीत प्लेअरमध्ये घालू नका, "एकदा लावून तर बघू" असे भाऊ म्हणाला तरी नाही. वाळलेला गाळ फितीवर घासला जातो आणि होते तेही खरवडले जाते. बुरशी असेल, तर ती प्लेअरमधून दुसऱ्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ज्या कॅसेटींचे कवच स्क्रूने बसवलेले असते, त्यांची फीत स्वच्छ करून नव्या कवचात घालता येते. जुन्या फितींचे काम करणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत, त्यांच्याकडे द्या. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्यायला सांगा, आणि फाइल दाबून लहान केलेली न घेता पूर्ण आकाराची घ्या. मूळ कॅसेटी फेकू नका. एखादी वाचणार नाही, हेही मनाशी धरून चाला.

वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या असतील, तर आजच बाहेर काढा. कोकणातल्या दमट हवेत पिशवीतला कागद घामेजतो. सुती कापडात गुंडाळा. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका आणि पाने लॅमिनेट तर मुळीच करू नका. खिडकीजवळच्या उजेडात, थेट ऊन पडू न देता, एकेका पानाचे छायाचित्र घ्या. कोरी पाने आणि मुखपृष्ठेही सोडू नका. ते काम नातवंडांना द्या. छायाचित्रांचा एक संच वाचनालयाला द्या आणि मूळ वह्या तूर्त घरीच राहू द्या. कुणी संग्राहक चांगली किंमत देतो म्हणाला, तर निदान दोन वर्षे नाही म्हणा.

आता ती झेरॉक्स. गाण्यांच्या याद्या शोधल्या तर इतरत्रही मिळतील, म्हणून या वह्यांना काय महत्त्व, असे तुम्हाला कुणी म्हणेल. त्या माणसाला हे पान दाखवा. डावीकडे पायदानाचा आकडा, मग गाण्याचे पहिले चार शब्द, मग चित्रपट आणि गायक, सगळे निळ्या शाईत आणि पोस्टातल्या खात्याप्रमाणे आखीव. मध्ये दोन ओळींवर नुसते "खरखर" लिहिले आहे. लघुलहरींवर आवाज यायचा आणि जायचा, तो नेमका त्या वेळी गेला असणार. आणि त्यातल्या एका ओळीवर, "खरखर" तसेच ठेवून, बाजूला गाण्याचे नाव पेन्सिलने लिहिले आहे, खाली बारीक अक्षरात "गुरुवार, काउंटरवर कळले". दुसऱ्या ओळीसमोरची जागा मोकळीच आहे. स्वतः ऐकले ते शाईने, दुसऱ्याकडून कळले ते पेन्सिलने, आणि कळलेच नाही तिथे काही नाही. ज्या वहीला कुणीही तपासणारा नव्हता, त्या वहीत वडिलांनी हा नेम पाळला. सयानी ज्या श्रोत्याशी बोलत होते, तो असा होता. म्हणून कार्यक्रमात सयानींच्या छायाचित्राशेजारी ही वही उघडून ठेवायला संकोच करू नका.

आणि एवढे जरूर करा. अकरा वह्यांतल्या, समोर मोकळी जागा असलेल्या "खरखर"च्या ओळी शोधून त्या पानांच्या मोठ्या प्रती काढा आणि त्या संध्याकाळी टेबलावर मांडा. शेवटची वीस मिनिटे लोकांना त्या टेबलाभोवती उभे राहू द्या. सत्तरी-ऐंशीतल्या कुणाला तरी त्या आठवड्याचे ते गाणे आठवेल, दुसरा म्हणेल की ते नव्हेच, आणि दोघांचे एकमत झाले की त्या प्रतीवर ते नाव लिहून घ्या, खाली सांगणाऱ्याचे नाव आणि वारही घाला. टेबलावर पेन ठेवू नका. दोन-चार पेन्सिली टोक काढून ठेवा.